'रिफ्रॅक्टरी' द्रव्य : उच्चतापसह की दुर्जर?

प्रश्न असा आहे : समुद्रविज्ञानातल्या 'रिफ्रॅक्टरी डिझॉल्व्ड ऑरगॅनिक मॅटर'चं (समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं, जिवाणूंना सहजी न खाता येणारं सेंद्रिय द्रव्य) भाषांतर करताना 'रिफ्रॅक्टरी'साठी 'उच्चतापसह' हा शब्द सापडला. तो इथे चालेल का?

नाही चालणार. उच्चतापसह म्हणजे भट्टीला लावतात ती वीट. खोल समुद्रातलं पाणी जेमतेम २ ते ४ अंशांचं, तिथे ताप सोसायचा प्रश्नच नाही. मूळ शब्दाचा गाभा 'दाद न देणारा' असा आहे. वीट आगीला दाद देत नाही, हे द्रव्य जिवाणूंना देत नाही.

मग 'अविघटनशील'? प्लास्टिकमुळे तो कानावरचा झालाय, पण तो फारच टोकाचा आहे. हेच रेणू वर येऊन उन्हात सापडले की मोडतात. विघटन होतं, फक्त विलक्षण सावकाश. कार्बन-१४ (काळाबरोबर घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) वरून काढलेलं त्यांचं सरासरी वय उत्तर अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्राच्या खोल पाण्यात सुमारे ४,००० वर्षं, तर उत्तर पॅसिफिकच्या खोलात सुमारे ६,००० वर्षं भरतं. महासागर एकदा ढवळून निघायला साधारण १,००० वर्षं लागतात. म्हणजे या रेणूंतला कार्बन पाण्याबरोबर कितीतरी फेऱ्या मारून आलेला असतो.

माझी पसंती 'दुर्जर'ला. वैद्यकातला जुना शब्द : पचायला जड. खाणारे जिवाणू आहेत, तेव्हा पचनाचा शब्द चपखल बसतो. शिवाय झटकन खाल्ल्या जाणाऱ्या द्रव्याला 'सुजर' ही जोडी आयती मिळते. दोन्हींचा धातू 'जॄ'. त्याचे अर्थ दोन, म्हातारं होणं आणि पचणं. म्हणून 'जीर्ण' वस्त्र जुनं असतं आणि 'अजीर्ण' झालं की अन्न पचलेलं नसतं. खोल समुद्रातलं हे द्रव्य एका अर्थानं जीर्ण आणि दुसऱ्या अर्थानं अजीर्ण आहे! एकाच धातूनं त्याची दोन्ही लक्षणं सांगावीत, याचा मला फार आनंद होतो.

'डिझॉल्व्ड'ला मात्र 'विद्राव्य' नको. विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारं, हे तर विरघळलेलंच आहे. व्यवहारात बारीक गाळणीतून जे पाण्याबरोबर खाली उतरतं ते सगळं विरघळलेलं धरतात.

'दुर्जर'मध्ये एक अडचण आहे, ती सांगायला हवी. हा शब्द सगळा दोष रेणूच्या घडणीवर टाकतो. खोल पाण्याच्या एका लिटरात हा कार्बन असतो जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, तोही हजारो प्रकारच्या रेणूंत वाटलेला. एकेक रेणू इतका विरळ, की त्याच्या मागे लागणं जिवाणूंना परवडत नसावं, असंही एक मत आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच द्रव्य दाट करून दिल्यावर जिवाणू वाढले. वाद मिटलेला नाही. त्यामुळे कारणाबद्दल काही सुचवायचं नसेल तिथे 'दीर्घस्थायी विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य' लिहावं, आणि घडणीमुळेच ते टिकतं असं म्हणायचं असेल तिथे 'दुर्जर'.