ग्रो लाइट निवडताना खोक्यावरचे वॅट नव्हे, पानावर पडणारा प्रकाश मोजावा

90 सेंटीमीटर लांब आणि 40 सेंटीमीटर रुंद फळीवर ग्रो लाइटखाली, म्हणजे झाडे वाढवण्यासाठीच्या दिव्याखाली, लेट्यूस व पालक वाढवायचे आहेत, तर ‘1000 वॅट’ असे छापलेला जांभळा दिवा घ्यावा की पांढरा एलईडी, आणि वीज कशाला कमी लागेल, असा आपला प्रश्न आहे. त्यातला 1000 हा आकडा आधी बाजूला ठेवावा. तो बहुधा जुन्या प्रकारच्या दिव्याशी केलेली, सोयीने फुगवलेली तुलना असतो. दिवा प्रत्यक्षात किती वीज ओढतो हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत सापडते आणि ते पुष्कळदा 100 वॅटच्या आसपासच निघते.

कार्यक्षमतेचा खरा आकडा मायक्रोमोल (प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे एकक) प्रति जूल (ऊर्जेचे एकक) असा दिलेला असतो. 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश एक जूल विजेतून किती मिळतो, हे त्यावरून कळते. चांगले एलईडी दिवे आज 2.5 ते 3 पर्यंत पोहोचतात, तर फ्लुरोसंट नळ्या साधारण 1 च्या आतबाहेर राहतात. उत्पादक हा आकडा देतच नसेल, तर मी तो दिवा घेत नाही. साध्या पांढऱ्या एलईडीवर मात्र ल्यूमेन, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप, आणि वॅट छापलेले असतात. ल्यूमेनला वॅटने भागून आलेल्या संख्येला पुन्हा सुमारे 70 ने भागले की अंदाज मिळतो. 100 ल्यूमेन प्रति वॅटचा दिवा या हिशेबाने 1.4 च्या जवळ येतो.

आता आपल्या फळीचा हिशेब करू. पालेभाज्यांसाठी पानांच्या पातळीवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला 200 मायक्रोमोल प्रकाश धरला, तर 0.36 चौरस मीटरसाठी 72 लागतील. फळीबाहेर सांडणारा प्रकाश लक्षात घेऊन दिव्यातून 100 मायक्रोमोल निघावेत, असे मानू. 2.5 कार्यक्षमतेच्या दिव्याला यासाठी 40 वॅट पुरतात, 1.4 च्या दिव्याला सुमारे 71 वॅट लागतात. रोज 14 तास दिवा चालवल्यास महिन्याला पहिल्याचे साधारण 17 युनिट होतात आणि दुसऱ्याचे 30. दोन दिव्यांच्या किमतीतला फरक किती महिन्यांत भरून निघेल, हे आपल्या वीजदरावरून काढता येईल. फळीवर केवळ मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट असते, तर याच्या निम्म्याहून कमी प्रकाशात भागले असते आणि मग महागडा दिवा घेण्यात फारसा अर्थ उरला नसता.

जांभळ्या रंगाविषयी थोडे सांगणे भाग आहे. झाडे फक्त लाल आणि निळा प्रकाश वापरतात, हिरवा वाया जातो, हा समज चिवट आहे, परंतु संशोधक के. जे. मॅक्री यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतच हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगले चालते, हे दिसून आले होते. 660 नॅनोमीटरचे लाल एलईडी विजेच्या दृष्टीने अतिशय कार्यक्षम असतात, हे खरे; म्हणून पांढऱ्यात थोडे लाल मिसळलेला दिवा मला सर्वांत समंजस वाटतो. शिवाय निव्वळ जांभळ्या उजेडात पानावरचा पिवळेपणा किंवा कीड चटकन ओळखू येत नाही.

दिवा कितीही चांगला असला, तरी तो उंच टांगल्यास प्रकाश भिंतींवर आणि जमिनीवर जातो. फळीइतकाच लांब, पट्टीच्या आकाराचा दिवा घेऊन तो पानांपासून 20 ते 30 सेंटीमीटरवर लावावा, बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे करावेत आणि टायमर जोडावा. उंची ठरवताना फोनमधल्या लक्समापकाचा (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजणाऱ्या ॲपचा) आधार घेता येतो: पांढऱ्या एलईडीसाठी 14,000 लक्स म्हणजे अंदाजे 200 मायक्रोमोल. जांभळ्या दिव्याखाली मात्र हा मापक फसवतो, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेले आहे.