छोटी कॅनॉपी घेण्याआधी

स्कायडायव्हिंगमध्ये आधीपेक्षा छोटी कॅनॉपी (पॅराशूटचं उघडलेलं छत) घ्यायची हौस कळते, पण घाई नको. आधी विंग लोडिंग, म्हणजे कॅनॉपीच्या दर चौरस फुटावर येणारं वजन, काढा: रिगसकट (पाठीवरच्या पॅराशूटच्या संचासकट) तुमचं वजन पौंडांत, भागिले कॅनॉपीचे चौरस फूट. १९० पौंडांना १९० ची कॅनॉपी म्हणजे १.०, १५० ची घेतली की जवळपास १.२७. फरक किरकोळ वाटतो, पण वळताना उंची झपाट्याने जाते.

एका वेळी एकच बदल करा. आकार कमी करा किंवा इलिप्टिकल (टोकांकडे निमुळती, जास्त चपळ) घ्या, दोन्ही एकदम नाही.

जमिनीजवळ अडथळा दिसला की नवखे एक टॉगल (कॅनॉपी वळवायची हातातली मूठ) खसकन खाली ओढतात. कॅनॉपी कलते, नाक खाली घालते आणि सावरायला उंचीच उरत नाही. त्याऐवजी:

- दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणा
- मग एक किंचित जास्त ओढा

हे सपाट वळण आताच्याच कॅनॉपीवर, २,००० फुटांच्या वर, हातात बसेपर्यंत घोटा. स्वूपिंगचं (जमिनीलगत मुद्दाम वेगाने सरकत उतरण्याचं) नंतर, कोचसोबतच.