वाचकांचे प्रश्न : युनियनच्या निवडणुकीत हॉल, यादी आणि फलक

प्रश्न : मी खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येतो. आमच्या युनियनची निवडणूक पुढील महिन्यात आहे. सत्तेवरच्या पॅनेलच्या बैठका जवळजवळ रोज युनियनच्या ऑफिसमागील हॉलमध्ये होतात. आम्ही दुसरे पॅनेल उभे केले असून हॉल मागितला, तेव्हा कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय किल्ली देता येणार नाही, असे सरचिटणीसांनी सांगितले. सदस्यांची यादी मागितली तर ती गोपनीय आहे म्हणाले. फलकावर लावलेले आमचे पत्रक दुसऱ्या पाळीत कोणीतरी काढून टाकले. दाद कोणाकडे मागावी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारींचे कायदेशीर वजन सारखे नाही, म्हणून त्या वेगवेगळ्या घेतो. युनियनचे ऑफिस, हॉल, लाउडस्पीकर, झेरॉक्स यंत्र हे सारे सदस्यांच्या वर्गणीतून उभे राहिलेले असते आणि कार्यकारिणी त्याची केवळ विश्वस्त असते. पदाधिकाऱ्यांनी पगारवाढीच्या वाटाघाटीसाठी किंवा एखाद्या निलंबित कामगाराच्या प्रकरणासाठी हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत बसावे, त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु तेच पदाधिकारी उमेदवार म्हणून मतांची बेरीज करायला तिथे बसू लागले की तो हॉल प्रचाराचे साधन होतो, आणि मग तो एकतर सर्व उमेदवारांना सारख्या अटींवर मिळाला पाहिजे, नाहीतर कोणालाच मिळता कामा नये.

आपली सर्वांत भक्कम बाजू यादीची आहे. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या कलम ६ नुसार सदस्यांची यादी ठेवणे आणि ती पदाधिकाऱ्यांना व सदस्यांना पाहता यावी अशी पुरेशी सोय करणे, ही तरतूद संघटनेच्या नियमांत असणे ही नोंदणीचीच अट होती, आणि कलम २० ने हिशोबाच्या वह्या व यादी पाहण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या संघटना तिच्याखाली नोंदलेल्या मानल्या जातात आणि यादी पाहू देण्याची सोय नियमांत असावी ही अपेक्षा संहितेतही कायम आहे. तेव्हा सदस्यापासून यादी 'गोपनीय' ठेवण्याची भाषा सरचिटणीसांनी करणे बरोबर नाही. मात्र कायदा बोलतो तो पाहण्याच्या हक्काविषयी. प्रत मिळेलच असे त्यात म्हटलेले नाही. आपल्या युनियनच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, प्रत देण्याची तरतूद असेल तर उत्तम, नसेल तर दोघांनी जाऊन यादी बसून वाचावी आणि वर्गणी थकल्याच्या कारणाने कोणाची नावे गाळली आहेत, हे पावत्यांशी ताडून पाहावे. निवडणुकीचे निम्मे भांडण तिथेच असते. वर्गणी पगारातून कापली जाते आणि तरीही नाव थकबाकीदारांत दिसते, असे आढळल्यास त्या सदस्याच्या पगारपत्रकाची प्रत जोडून लगेच लेखी हरकत घ्यावी.

हॉलविषयी मात्र कायद्यात थेट शब्द सापडणार नाही. तिथे संघटनेची घटना आणि कार्यकारिणीचे ठराव हाच आधार. म्हणून सरचिटणीसांचे उत्तर आपण त्यांच्यावरच उलटवावे. हॉल ठरावाशिवाय देता येत नसेल, तर सत्ताधारी पॅनेलला तो कोणत्या तारखेच्या कोणत्या ठरावाने मिळाला, त्याची प्रत लेखी अर्ज करून मागावी. ठराव असेल तर त्याच अटींवर आपल्यालाही हॉल द्यावा लागेल, आणि ठराव नसेल तर ती अट फक्त आपल्यासाठी काढली गेली, हे कागदावर येईल. अर्ज दोन प्रतींत करून एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच नाकारल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. अर्जात दिवसाबरोबर वेळही मागावी. पहिली पाळी सुटल्यावर खानापूर, नंदगडकडचे कामगार बस किंवा रेल्वे गाठायला धावतात. अशा वेळी एका पॅनेलला पाळी सुटतानाची वेळ आणि दुसऱ्याला रात्री नऊची वेळ दिली, तर दोघांना एकेक तास मिळूनही ती समान संधी होत नाही.

पत्रक कोणी काढले याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. फलक काचेचा व कुलपाचा असेल तर किल्ली ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची. फलकाचे सारखे भाग पाडून प्रत्येक पॅनेलला एक भाग द्यावा आणि मतदान होईपर्यंत किल्ली निवडणूक अधिकाऱ्याकडे राहावी, अशी मागणी करावी. नवे पत्रक लावताना आणि पाळी संपताना त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेत जावे.

आपण लिहिले नसले तरी आमच्या भागात विचारावेच लागते, की ही पत्रके कोणत्या भाषेत आहेत. उमेदवाराने मराठीत लिहावे, कानडीत लिहावे, की दोन्हींत, हा त्याचा प्रश्न. पण निवडणुकीचे वेळापत्रक, अर्ज भरण्याची मुदत आणि मतदानाची जागा या सूचना युनियनच्या आहेत, आणि ज्या युनियनमध्ये दोन्ही भाषांचे सदस्य आहेत तिथे त्या दोन्ही भाषांत एकाच दिवशी लागल्या पाहिजेत. सीमाभागात कोणत्याही तंट्याला भाषेचे वळण लागायला वेळ लागत नाही, आणि ते एकदा लागले की हॉल-यादीचा मूळ मुद्दा बाजूला पडून दोन्हीकडचे पुढारी मोकळे सुटतात. तशी संधी आपण देऊ नये.

आता दाद मागण्याविषयी. पहिला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याकडे करावा आणि त्याची प्रत कामगार खात्याकडील संघटना निबंधकांना (संघटनांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना) द्यावी. निबंधक निवडणूक रद्द करतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. १९२६ च्या कायद्याने निवडणुकीच्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार त्यांना दिला नव्हता आणि असे वाद दिवाणी न्यायालयात जाऊन वर्षानुवर्षे रखडत. संहितेच्या कलम २२ ने सदस्य आणि संघटना यांच्यातील पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचे व कारभाराचे वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवले असून दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद केला आहे. अर्जाच्या पद्धतीसाठी कामगार कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. पण जे काही मागायचे ते मतदानापूर्वी लेखी मागितलेले असावे; पडल्यानंतर प्रथमच केलेली तक्रार कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि ते अगदीच चुकीचे आहे असेही मला वाटत नाही.

अमेरिकेत या विषयावर १९५९ पासून स्पष्ट कायदा आहे. तिथे उमेदवाराने रास्त मागणी केल्यास त्याचे प्रचारपत्र त्याच्याच खर्चाने सदस्यांना पाठवण्याची व्यवस्था संघटनेला करावी लागते, यादीच्या वापरात एका उमेदवाराला झुकते माप देता येत नाही आणि वर्गणीचा किंवा मालकाचा पैसा कोणाच्याही प्रचारात वापरता येत नाही. तो कायदा इथे लागू नाही. पण आपल्या घटनेत दुरुस्ती सुचवायची असेल तर या तीन गोष्टी सर्वसाधारण सभेपुढे मांडण्याजोग्या आहेत.

प्रश्न : मी चिकोडी तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या युनियनचा मावळता चिटणीस असून पुन्हा उभा आहे. सर्व सदस्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच चालवतो. गेल्या मुदतीतील कामांचा अहवाल त्यावर टाकला, तर विरोधक त्याला प्रचार म्हणतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : अहवाल देणे हे आपले कर्तव्य आहे, पण तो कधी आणि कसा दिला हे पाहिले जाईल. दरवर्षी सर्वसाधारण सभेपूर्वी जो अहवाल जातो तो निवडणुकीच्या वर्षीही जावा. एरवी कधी न निघालेला, आपल्या छायाचित्रासह आणि 'पुन्हा संधी द्या' अशा शेवटच्या ओळीसह निघालेला अहवाल हा प्रचारच आहे. सदस्यांनी आपले नंबर युनियनच्या कामासाठी दिले होते. म्हणून मतदान होईपर्यंत ग्रुपवर फक्त अधिकृत सूचना जाव्यात, किंवा प्रत्येक उमेदवाराला ठरलेल्या लांबीचा एकेक संदेश टाकू द्यावा आणि तो न बदलता जावा. युनियनचे लेटरहेड व शिक्का प्रचारपत्रावर अजिबात वापरू नये. ग्रुपची व्यवस्था या काळापुरती निवडणूक अधिकाऱ्याकडे देऊन टाकलीत, तर आपल्यावरचा अर्धा आरोप आपोआप गळून पडेल.

प्रश्न : आम्ही निपाणीत घरी विड्या वळतो. युनियनच्या ऑफिसात जाणे आम्हा बायकांना जमत नाही. निवडणूक कधी झाली हे पुष्कळदा नंतर कळते. आम्हाला हॉल मिळून काय उपयोग?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, आपला प्रश्न रास्त आहे. ज्या संघटनेचे बहुतेक सदस्य घरी काम करतात, तिथे ऑफिसातील फलक सर्वांना सारखा खुला असूनही बहुतेकांना बंदच असतो. आपण दहा-वीस जणींच्या सह्यांचा अर्ज करून तीन मागण्या कराव्यात : निवडणुकीची सूचना पान-तंबाखू घेण्याच्या आणि विड्या जमा करण्याच्या ठिकाणी लावली जावी आणि मोठ्याने वाचूनही दाखवली जावी, सदस्यांची यादी गल्लीवार तयार करून प्रत्येक उमेदवाराला पाहू द्यावी, म्हणजे घरोघरी जाण्याची संधी एकाच पॅनेलकडे राहणार नाही, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा भगिनींसाठी मतपत्रिकेवर नावासोबत चिन्ह असावे.

यात एक सावधगिरी हवी. विड्या जमा करण्याची जागा मालकाची किंवा ठेकेदाराची असते. त्याने एका पॅनेलला तिथे बोलू दिले आणि दुसऱ्याला हाकलले, किंवा आपली विडी नापास करण्याचा धाक घालून मत मागितले, तर ती युनियनच्या कारभारात मालकपक्षाची ढवळाढवळ ठरते आणि कायद्याने ती अनुचित कामगार प्रथा आहे. असे घडल्यास तारीख, ठिकाण आणि त्या वेळी हजर असलेल्या दोघीतिघींची नावे लिहून ठेवावीत व तक्रार कामगार खात्याकडे लेखी द्यावी. सभा घ्यायचीच असेल तर ती जमा करण्याच्या जागेपासून दूर, एखाद्या देवळाच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात आणि सायंकाळच्या स्वयंपाकाआधी घेण्याचा आग्रह धरावा.