‘लायनर’ म्हणजे पॅड की शू?

प्रश्न असा आला आहे: “या वेळी गाडीचे ब्रेक घरीच बदलायचं ठरवलं आहे. दुकानात ब्रेक पॅड मागितले, तर दुकानदार म्हणाला, ‘लायनर ना?’ मी हो म्हटलं. घरी येऊन खोकं उघडलं तर आत चंद्रकोरीसारखे वाकडे तुकडे. पॅड, शू आणि लायनर यांत फरक काय? यांना मराठी शब्द आहेत का? आणि ब्रेक लावायचा, दाबायचा की मारायचा?”

तुमच्या हातात आले ते मागच्या चाकांचे ब्रेक शू. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, आणि मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा असतो. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतात ते चपटे पॅड. ड्रमच्या आत बसून बाहेरच्या दिशेला फाकतात ते अर्धगोल शू. आणि दोन्हींवर जो घासला जाणारा थर चिकटवलेला किंवा रिव्हेटने ठोकलेला असतो, ते लायनिंग. म्हणजे लायनर हा मुळात सुटा भाग नव्हेच, भागावरचा थर आहे. पूर्वी शू तोच ठेवून त्यावरचा थर तेवढा नवा ठोकून घेत. गिऱ्हाईक ‘लायनिंग बदला’ म्हणे, ते बरोबरच होतं. पुढे आख्खा शूच बदलायची पद्धत पडली, पण नाव थराचंच राहिलं. आता पॅडलाही लायनर म्हणतात, शूलाही, आणि मोटरसायकलवाला तर दुसरा शब्दच वापरत नाही.

भर म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जी नळी बसवतात, तीही लायनरच. इंग्रजीत ब्रेकचं लायनिंग आणि सिलिंडरचा लायनर असे दोन शब्द आहेत, आपण दोघांना एकाच नावाने हाक मारतो. त्यामुळे दुकानदाराला दोष देता येत नाही. त्याने त्याच्या भाषेत विचारलं, तुम्ही तुमच्या भाषेत हो म्हणालात.

मराठी शब्दाचं म्हणाल, तर लायनिंगला अस्सल शब्द शिंप्याकडे आहे: अस्तर. कोटाच्या आतलं ते अस्तर, शूवरचं तेही अस्तर. ‘ब्रेकचं अस्तर झिजलं’ हे वाक्य कोणालाही न अडखळता समजेल. शूसाठी ‘जोडा’ मला फार आवडतो. आपल्याकडे जोडा म्हणजे पायताणही आणि जोडीही, आणि ब्रेकचं काम जोडीनेच करायचं असतं. एका चाकाचा बदलला तर त्याच धुरेवरच्या दुसऱ्या चाकाचाही बदलायचा, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने 1897 मध्ये ब्रेकच्या अस्तराचा धंदा सुरू केला. घोडागाडीवाले लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकतात हे पाहून त्याला ती कल्पना सुचली, असं सांगतात. ‘शू’ हे नाव मात्र त्याच्या आधीपासूनचं.

पॅड धरून डिस्कवर दाबतो तो भाग म्हणजे कॅलिपर. त्याला कोणी मराठी शब्द विचारला तर मी ‘चाप’ सांगेन. केसांचा चाप जसा दोन बाजूंनी चिमटतो, तसाच कॅलिपर डिस्कला. शिवाय ‘खर्चाला चाप लावला’ म्हणताना आपण वर्षानुवर्षं ब्रेकचंच काम त्याच्याकडून करून घेत आलो आहोत. पण हे शब्द गप्पांसाठी. काउंटरवर जाऊन ‘चाप दाखवा’ म्हणाल तर शेजारच्या कटलरीच्या दुकानाकडे बोट दाखवतील.

ब्रेकला स्वतःला मराठी शब्द का रुजला नाही? घडण पाहिली तर ‘गतिरोधक’ त्यालाच शोभला असता, पण तो रस्त्यावरच्या उंचवट्याने पळवला. त्या उंचवट्याचं बोलीतलं नाव स्पीडब्रेकर. इंग्रजीत रोखणारा ब्रेक आणि मोडणारा ब्रेक वेगळे लिहितात, आणि स्पीडब्रेकरमधला ब्रेक मोडणारा आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे आपण तो बिनदिक्कत रोखणाऱ्याच्या घरात नेऊन बसवला.

आता क्रियापद. लावणे, दाबणे, मारणे तिन्ही बरोबर, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. हँडब्रेक लावतात. पायाचा दाबतात. मांजर आडवं आलं की मारतात. आणि ‘लागणे’ हे माणसाचं काम नव्हे, यंत्राचं: ‘दाबतोय, पण लागत नाही.’ गॅरेजात हे एक वाक्य पुरेसं असतं. ‘करकचून ब्रेक मारला’ यातलं करकचून मुळात दोरीने आवळून बांधण्याचं. ब्रेकपाशी ते टिकलं, याचं श्रेय मी त्यातल्या ‘करकर’ या आवाजाला देतो.

आवाजांत तर मराठीचा हात कोणी धरू नये. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक बारीक जीभ असते. अस्तर संपत आलं की ती डिस्कला घासून कुंईकुंई करते. तो इशारा. खरखर ऐकू आली तर अस्तर संपून लोखंडाला लोखंड लागलं असण्याची शक्यता मोठी, मग डिस्कही तपासायची.

तयारीतले बाकीचे शब्द भराभर सांगतो. नट सैल करायचा तो पाना. काही जण ‘पान्हा’ लिहितात, पण पान्हा गाईला फुटतो. जॅक तुम्हाला माहीतच आहे, सरकारी कामात लावतात तोही. त्याने गाडी फक्त उचलायची, खाली हात घालण्याआधी तिला घोडीवर टेकवायची. रंगारी ज्यावर उभा राहतो तिचीच ही लोखंडी बहीण. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करा, आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा पाचर लावा.

एक शब्द मात्र खरोखर घातक आहे: ब्रेक ऑइल. आपल्या गाड्यांत घालतात ते ऑइल नसतंच. बाटलीवर डॉट 3 किंवा डॉट 4 अशी प्रत लिहिलेली असते, ती ग्लायकॉल ईथरच्या जातीची द्रवं. ती हवेतला ओलावा शोषतात आणि गाडीवर सांडली तर तिचा रंग खातात. नावाला भुलून त्यात कोणी इंजिन ऑइल ओतलं, तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक जातो. इथे मी शुद्धलेखनाच्या मास्तरासारखा हट्ट धरतो: ब्रेक फ्लुइड म्हणा. ते फ्लुइड ज्या नळ्यांतून वाहतं त्यांतले बुडबुडे काढण्याला इंग्रजीत रक्त काढणे म्हणतात, आपण साधं ‘हवा काढणे’ म्हणतो. नुसते पॅड बदलताना नळी उघडली नसेल तर हवा काढावी लागत नाही. पण नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, मागे ढकललेला असतो, म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबायचं.

आणि ते खोकं परत करायला जाल तेव्हा गाडीचं मॉडेल आणि साल सांगून म्हणा: “पुढच्या डिस्कचे पॅड, दोन्ही चाकांचा सेट.” तो ‘लायनर ना?’ विचारेलच. तेव्हा हो म्हणा, पण खोकं तिथेच उघडून बघा.