मोत्याने त्याला काही विचारले नाही

प्रश्न : मी ६३ वर्षांची असून जुळे सोलापुरात राहते. यजमान चार वर्षांपूर्वी गेले आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. तीन वर्षांपूर्वी पावसात गेटपाशी कुडकुडणारे एक गावठी पिल्लू मी घरात घेतले, तोच आमचा मोत्या. मला ताप आला की तो खाटेजवळून हलत नाही. भाकरी असो की भावाने पंढरपूरहून पाठविलेले बेदाणे, मी जे देईन ते आनंदाने खातो. उन्हाळ्यात डांबर तापते म्हणून मी त्याला पहाटे पाचला फिरवून आणते, आणि फटाक्यांना तो घाबरतो म्हणून यंदा गड्ड्याच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम पाहायलाही गेले नाही. त्या यात्रेला मुलगा सात महिन्यांनी घरी आला. मोत्या त्याच्या अंगावर उड्या मारत असताना माझ्या तोंडून निघून गेले, ‘तुझ्यापेक्षा हा बरा, याला तरी माया आहे.’ मुलगा त्या रात्री जेवला नाही आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परत गेला. माझे चुकले का? निरपेक्ष प्रेम माणसापेक्षा कुत्र्याकडेच अधिक असते, हे खरे नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलगा सात महिन्यांनी दारात उभा राहिला तेव्हा मोत्या त्याच्या अंगावर उड्या मारत होता, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे ज्या मायेचा दाखला देऊन तुम्ही मुलाला बोललात, ती माया त्या घटकेला त्याच मुलावर उधळली जात होती. इतके दिवस कुठे होतास, असे मोत्याने त्याला विचारले नाही. सात महिने एकट्या घरात वाट पाहिलेल्या आईच्या मनात तो प्रश्न उठणे स्वाभाविक आहे, परंतु तुम्ही मोकळेपणाने विचारले आहे म्हणून मोकळेपणाने सांगते : ते शब्द चुकले.

आता निरपेक्षतेविषयी. शब्दाचा अर्थ काटेकोर घेतला तर कुत्र्याचे प्रेम निरपेक्ष नसते. मोत्याला वेळेवर भाकरी हवी असते, फेरफटका हवा असतो आणि तुमचा सहवास तर सर्वांत आधी हवा असतो. त्याला आठवणही असते. मार खाल्लेले कुत्रे नुसता हात उगारला तरी दबते. मात्र हे सारे पोटापुरते आहे, असे म्हणणेही खोटे ठरेल. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, आणि हे तेच संप्रेरक आहे जे आई आणि तान्ह्या बाळाचे नाते घट्ट करते. माणसांनी वाढविलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसे आढळले नाही. तेव्हा मोत्याच्या मायेविषयीचा तुमचा अनुभव खरा आहे. त्याला अपेक्षा आहेत, पण त्या आजच्या आहेत. मागच्या सात महिन्यांची थकबाकी तो दारात मांडून बसत नाही.

महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि चारही भाऊ पडल्यानंतर युधिष्ठिराच्या सोबतीला एक कुत्रा तेवढा उरला, आणि त्याला सोडून रथात बस, असे इंद्राने सांगितल्यावर आपल्या आश्रयाला असलेल्या भक्ताला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको, असे युधिष्ठिर म्हणाला, ही कथा तुम्हाला ठाऊक असेल. ती आपण कुत्र्याच्या निष्ठेची म्हणून सांगतो, पण मला ती नेहमी युधिष्ठिराची वाटत आली आहे, कारण तिथे कसोटी कुत्र्याची नसून माणसाची लागली होती.

तुमच्या पत्रातही मला तेच दिसते. पहाटे पाचला उठणाऱ्या तुम्ही, आणि ज्या दारूकामासाठी अख्खे सोलापूर लोटते ते पाहण्याचे सोडून थरथरत्या जिवाजवळ बसणाऱ्याही तुम्हीच. तुझ्यामुळे माझे एवढे राहून गेले, असे तुम्ही मोत्याला एकदाही म्हणाला नसाल. त्या प्रेमाचे सारे श्रेय तुम्ही मोत्याला देऊन टाकले आहे; त्यातील निम्म्याहून अधिक तुमचे आहे. आणि हे तुम्ही मोत्या येण्याच्या कितीतरी आधी, याच मुलाला वाढविताना, केलेले आहे.

म्हणून मुलाला फोन करा. ‘मी तसे बोलायला नको होते’ एवढेच म्हणा, त्याला ‘पण’ जोडू नका आणि तो पुन्हा कधी येणार, हे त्याच फोनमध्ये विचारू नका. एकटेपणा जड जातो, हेही त्याला सांगावेच लागेल, कारण मनातले ओळखण्याची अपेक्षा आपण मुलांकडून फार करतो; मात्र त्यासाठी वेगळा दिवस निवडा आणि मोत्याशी त्याची तुलना त्यात आणू नका. तो घरी येईल तेव्हा पहाटेच्या फेरीला मोत्याला घेऊन दोघे मिळून जा.

एक गोष्ट मात्र आजच करा. बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याला कधीही देऊ नयेत. थोड्या प्रमाणातही त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा आणि लसूणही त्याला घातक आहेत, त्यामुळे भाकरी कोरडी किंवा थोड्या दुधात कुस्करून द्या, कालवणात नको. आजवर बेदाणे पचले म्हणून पुढेही पचतील, असे समजू नका, आणि या आठवड्यात त्याला पशुवैद्यकांकडे नेऊन रक्ततपासणी करून घ्या. तुम्ही हातावर जे ठेवाल ते तो विश्वासाने खाणार आहे.