‘लोगिझोमाइ’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘विचार करणे’ की ‘हिशेबात धरणे’?

तुम्ही बायबलमधली दोन वचने दिली आहेत. रोमकरांस 4:3 मध्ये अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो आणि फिलिप्पैकरांस 4:8 मध्ये चांगल्या गोष्टींचे मनन करायला सांगितले आहे. क्रियापद दोन्हीकडे लोगिझोमाइ, मग खरा अर्थ कोणता, असा तुमचा प्रश्न आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत. कोणता घ्यायचा ते क्रियापदाभोवतीच्या विभक्त्या सांगतात, म्हणून शब्दकोशातला पहिला अर्थ उचलण्याआधी वाक्यरचना पाहा.

लोगॉस या नामाचा एक अर्थ हिशेब असा आहे. लूक 16:2 मध्ये धनी कारभाऱ्याकडे मागतो तो लोगॉसच. त्यावरून लोगिझोमाइ. रूप आत्मनेपदी आहे, संस्कृतातल्या ‘मन्यते’सारखे, त्यामुळे कर्तरी अर्थ असूनही प्रत्यय परस्मैपदी दिसत नाहीत. नव्या करारात ते सुमारे 40 वेळा येते, बहुतेक पौलाच्या पत्रांत, आणि एकट्या रोमकरांस 4 मध्ये 11 वेळा.

आधी व्यक्तीची चतुर्थी शोधा. ‘अमुकाला’ असे रूप जवळ असेल तर अर्थ बहुधा खात्याचा: त्याच्या नावे टाकणे किंवा जमा धरणे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात 5:19 ला देव लोकांची पापे ‘त्यांना’ धरत नाही, तिथे हीच चतुर्थी आहे. पुढे ‘एइस’ हे शब्दयोगी अव्यय आणि द्वितीया आली की ‘अमुक म्हणून’ असा अर्थ जोडला जातो. रोमकरांस 4:3 ची घडण नेमकी अशी आहे, आणि पुढच्याच वचनात मजुरी आणि देणे हे शब्द येतात. तिथे हिशेबाची छटा मुळाच्या व्युत्पत्तीतून ओढून आणावी लागत नाही, ती संदर्भातच आहे. हे वचन उत्पत्ती 15:6 चे. हिब्रूत क्रियापद कर्तरी आहे (‘त्याने गणले’), ग्रीक भाषांतराने ते कर्मणी केले, आणि पौलाने ग्रीक पाठ घेतला. मग त्याच अध्यायात 4:7-8 ला तो स्तोत्र 32 आणतो, कारण तिथेही हेच क्रियापद आहे. समान शब्दावरून दोन वचने जोडण्याची ही रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, रीत.

चतुर्थी नसेल आणि पुढे ‘होति’ म्हणजे ‘की’ने सुरू होणारे उपवाक्य असेल, तर अर्थ ‘विचारांती अशा निष्कर्षाला येणे’. रोमकरांस 8:18 असे आहे. इब्री 11:19 ही तसेच, आणि तिथे गंमत अशी की हिशेब करणारा अब्राहाम स्वतः आहे: देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो, असे त्याने ताडले. द्वितीया आणि तुमन्त (infinitive) आले तरी हाच अर्थ, उदा. रोमकरांस 3:28. प्रेषितांची कृत्ये 19:27 मधली रचना मला विशेष आवडते: अर्तमीचे देऊळ ‘शून्यात गणले जाईल’, म्हणजे आपल्याकडचे ‘खिजगणतीत राहणार नाही’.

शिकणाऱ्यांची गाडी अडते ती रूपांवर. ‘लोगिझेताइ’ हे रूप कर्तरीही असते आणि कर्मणीही. रोमकरांस 4:5 आणि 4:6 शेजारी ठेवा. 4:5 मध्ये ‘पिस्तिस’ (विश्वास) प्रथमेत आहे, म्हणून ‘विश्वास गणला जातो’. 4:6 मध्ये ‘थेओस’ प्रथमेत आणि ‘दिकायोसुनेन’ द्वितीयेत, म्हणून ‘देव नीतिमत्त्व गणतो’. द्वितीयेतले कर्म सापडले की प्रश्न मिटतो.

‘लोगिझेस्थे’ तसेच: आज्ञार्थ की वर्तमानकाळ? नकार असेल तर तो पाहा. योहान 11:50 मध्ये ‘ऊदे’ आहे, म्हणून ते साधे विधान, ‘तुम्ही विचारही करत नाही’. आज्ञा असती तर ‘मे’ वर्गातला नकार आला असता. रोमकरांस 6:11 मध्ये नकार नाही, तिथे संदर्भावरूनच आज्ञार्थ ठरतो. आणि त्या आज्ञेचे ‘असे समजा’ हे भाषांतर जरा जपून वाचावे. मराठीत ‘समजा’ म्हटले की कल्पना करा असे वाटते, पौल मात्र घडून गेलेली गोष्ट जमेस धरायला सांगतो.

तिसरी अडचण करिंथकरांस पहिल्या पत्रात 13:11 ला. ‘एलोगिझोमेन’ हे एकवचन आहे, शेवटचा ‘मे’ दीर्घ. ऱ्हस्व ‘मेन’वाल्या परस्मैपदी अनेकवचनाशी त्याची गफलत होते, आणि देवनागरीत तर फरक दिसतच नाही, तेव्हा ग्रीक अक्षरेच पाहा.

13:5 वर मात्र खरा वाद आहे. मराठीत ‘अपकार स्मरत नाही’ आहे, म्हणजे वाईटाची नोंद ठेवत नाही. पण जखऱ्या 8:17 च्या ग्रीक पाठात हेच क्रियापद शेजाऱ्याचे वाईट चिंतण्यासाठी आहे, म्हणून ‘वाईट योजत नाही’ असेही काही वाचतात. मला पहिले पटते, कारण ‘काकोन’ला उपपद आहे: ते वाईट, झालेले वाईट. उपपदावर एवढा भार टाकू नये असे म्हणणाऱ्यांचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही.

फिलिप्पैकरांस 4:8 मध्ये चतुर्थी नाही, ‘एइस’ नाही, फक्त द्वितीयेतले कर्म आहे. तिथे वहीखाते आणू नका. नीट, सावकाश विचारात घ्या, एवढेच. त्याच पत्रात 3:7-8 ला नफा-तोट्याची खरीखुरी भाषा आहे, पण तिथे पौलाने लोगिझोमाइ वापरलेच नाही, ‘हेगेओमाइ’ वापरले. आणि 2:5 मधली ‘वृत्ती’ तिसऱ्याच क्रियापदाची, ‘फ्रोनेओ’ची, जे या छोट्या पत्रात 10 वेळा येते. ते मनाचा कल सांगते, विचाराची पायरी नाही. मराठी पाठावरून ही तिन्ही वेगळी ओळखता येत नाहीत, त्यासाठी ग्रीक शब्दसूची लागते.