बारावी सायन्सनंतर ऑप्टोमेट्रीला जाऊ का? पगार किती मिळतो आणि कामाबाहेर आयुष्य उरतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, काका म्हणतात "चष्म्याच्या दुकानातच बसायचं तर डिग्री कशाला". त्या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय, कारण हेच मी कित्येक वर्षं माझ्या मामांकडून ऐकलंय.

मामा हुपरीचे. चांदीकाम, पैंजणाच्या कड्या जोडतात. मी पुण्याला बी.ऑप्टोमला, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकवणाऱ्या ऑप्टोमेट्रीच्या डिग्रीला गेलो तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात पाहुण्यांना सांगायचे, "भाचा चार वर्षं चष्मं विकायला शिकतोय." आईकडं बघून मी गप्प बसायचो.

मग चोपन्नाव्या वर्षी मामांना काम दिसेना. एका ठिकाणी मशीनवर नंबर काढून महागडा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) आणला, पण दुपारपर्यंत मान धरायची, डोकं ठणकायचं, कडीचं तोंड जुळलंय का ते नखानं चाचपून बघायचे. मामीनं मला गुपचूप फोन केला. रविवारी ट्रायल बॉक्स, म्हणजे तपासायच्या भिंगांची पेटी घेऊन गेलो आणि आधी नंबर काढलाच नाही. म्हटलं, मामा, रोज बसता तसं बसा आणि काम करा. मांडी घालून, पार वाकून बसले. मामीची शिवणाची टेप घेतली आणि डोळ्यापासून कडीपर्यंत लावली. २५ सेंटिमीटर!

जवळचा नंबर सहसा ४० सेंटिमीटर धरून काढतात, म्हणजे पेपर वाचायचं अंतर. ४० ला डोळ्याला अडीच डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं माप) लागतात, २५ ला चार. मधला दीड डायॉप्टर मामा दिवसभर स्वतःच्या डोळ्यातनं ओढून काढायला बघत होते आणि त्या वयात डोळ्यात तेवढी ताकद उरलेली नसते. त्यात प्रोग्रेसिव्हचा जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात, आणि मामा मान खाली घालून बघणार काचेच्या मधनं. मशीनचा नंबर चुकला नव्हताच हो, हा माणूस काम काय करतो आणि कसं बसून करतो हे कुणी विचारलंच नव्हतं.

भिंगं बदलता येतात त्या ट्रायल फ्रेममध्ये पाव-पाव नंबर वाढवत गेलो. एका भिंगाला मामा थांबले, झालेल्या ढिगातली एक कडी चिमट्यानं उचलली, फिरवून बघितली आणि काही न बोलता परत अर्धवट कामाच्या डब्यात टाकली. मग दुसरी. कामासाठी फक्त जवळचा वेगळा चष्मा करून दिला. (तो घालून उठून चालायचं नाही, लांबचं धूसर दिसतं, हे तीनदा बजावलं.) "तुझं बरोबर होतं" असं मामा आजतागायत म्हणालेले नाहीत, पण हुपरीची गिऱ्हाइकं त्यांनीच पाठवलीत.

आता तुमचा प्रश्न. माझ्या वेळी कोर्स चार वर्षांचा होता, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. माझा पहिला पगार १२ हजार होता, पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होते, खोटं कशाला सांगू. पुढं कॉन्टॅक्ट लेन्स, लो व्हिजन (चष्मा लावूनही कमी दिसणारे पेशंट), लहान मुलांचा आळशी डोळा (एका डोळ्याची नजर नीट न वाढणं) यातलं काहीतरी एक धरा, नुसत्या नंबर काढण्यावर राहू नका. २०२१ ला आमच्यासारख्या व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा झालाय, त्यामुळं डिग्रीला वजन येईल असं मला वाटतं. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, इंटर्नशिपला खरे पेशंट किती मिळतात ते सीनियर पोरांना विचारा.

कामाबाहेरचं म्हणाल तर माझ्या वाट्याला नाइट ड्यूटी कधी आली नाही, हे मोठं सुख. पण लोकांना सुट्टी तेव्हा आपल्याला गर्दी, रविवार तर गेलाच. मी कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचा, नोकरीत असताना शाहू स्टेडियमवरच्या किती मॅच हुकल्या त्याची जखम अजून ओली आहे. आता क्लिनिक स्वतःचं आहे, मॅच असली की दुपारी शटर खाली. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. दिवसभर अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर शोधायचं यंत्र) धरून खांदा भरतो, त्यामुळं सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारल्याशिवाय मी पेशंट घेत नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, ऑपरेशन करायची हौस असेल तर इकडं येऊ नका. मोतीबिंदू-काचबिंदू ओळखायचा आणि नेत्रतज्ज्ञांकडं वेळेत पाठवायचा, एवढी आपली हद्द.

काका चाळिशीच्या पुढचे असतील तर त्यांना एवढंच विचारा, तुमचा जवळचा नंबर काढताना कुणी अंतर मोजलं होतं का?